घोकलेले इंग्रजी, बोललेले इंग्रजी

मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय महाराष्ट्रात २००० साली अमलात आला. त्याला आता पाव शतक लोटले. दहा वर्षे इंग्रजीचे धडे गिरवून मुले शाळेबाहेर पडतात. तथापि चार अनोळखी माणसांसमोर त्या भाषेत स्वतःविषयी चार सलग वाक्ये बोलण्याची वेळ आली की त्यांतील अनेकांना घाम फुटतो. शब्दार्थ पाठ असतात, व्याकरणाचे नियमही पाठ असतात. जीभ मात्र वळत नाही.

या अपयशाचे मूळ मुलांच्या बुद्धीत नसून वर्गाच्या गणितात आहे. ६० मुलांच्या वर्गात ३५ मिनिटांची तासिका धरली आणि शिक्षकाने अवाक्षरही काढले नाही असे मानले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेकंदच येतात. पोहणे शिकविण्याचा वर्ग काठावरच भरवावा, तसा हा प्रकार आहे.

तोंडी परीक्षेने ही उणीव भरून निघेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात काय घडले? २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषाविषयांचे २० अंतर्गत गुण काढून घेण्यात आले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, हे खरे. परंतु ओरड झाली ती गुणांसाठीच. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. मुले बोलू लागली की नाही, हा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

या पार्श्वभूमीवर विद्यार्थ्यांनी स्वतः तयार केलेल्या चित्रफितींच्या उपक्रमाकडे पाहिले पाहिजे. चार-पाच जणांच्या गटाने गावचा आठवडी बाजार, एसटीचे स्थानक किंवा शाळेची विहीर यांवर इंग्रजीतून तीन मिनिटांची फीत करावयाची, एवढेच त्याचे स्वरूप. या तीन मिनिटांसाठी मुले तेच वाक्य दहा वेळा बोलतात. चुकले तर पुन्हा चित्रित करतात. हसणारा वर्ग समोर नसतो आणि आपलाच आवाज ऐकून आपली चूक आपल्याला उमगते. खरा लाभ आहे तो या पुनरावृत्तीत. तयार फीत हे निमित्त होय.

नेमके हेच विसरले जाण्याचा धोका आहे. फीत स्नेहसंमेलनात दाखविण्याची वस्तू ठरली की घरची सुशिक्षित मंडळी संवाद लिहून देतील, चुणचुणीत मुलगा ते घडाघडा म्हणेल आणि उरलेले चौघे मोबाइल धरून उभे राहतील. ज्याच्या घरी चांगला मोबाइल, त्यालाच चांगले गुण, असाही न्याय होईल. घोकंपट्टी वहीतून पडद्यावर आली, एवढाच काय तो बदल!

हे टाळणे अवघड नाही. चित्रीकरण शाळेतच, प्रत्येक गटाला एक याप्रमाणे उपकरण देऊन व्हावे. प्रत्येक मुलाने किमान अर्धा मिनिट बोललेच पाहिजे. संपूर्ण संहिता लिहू न देता केवळ मुद्दे हाती असू द्यावेत. फीत पाहून झाल्यावर शिक्षकाने त्यावर दोन अनपेक्षित प्रश्न विचारावेत आणि गुण द्यावयाचेच तर त्या उत्तरांना द्यावेत. मुलांची, विशेषतः मुलींची, चित्रे पालकांच्या संमतीवाचून शाळेबाहेर जाता कामा नयेत, हे तर उघडच आहे.

शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा बोजा आधीच आहे. त्यात या उपक्रमाचे अहवाल आणि तक्ते यांची भर पडली, तर नव्याचे नऊ दिवस संपताच तोही कागदावर उरेल. शासनाने साधने पुरवावीत, वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका मोकळी करावी आणि बाकीचे शिक्षकांवर सोपवावे. काम झाल्यावर फीत पुसली गेली तरी बिघडत नाही; तिच्या निमित्ताने सुटलेली जीभ पुन्हा अडखळू नये, म्हणजे झाले.