२६ जानेवारीला पडदे ओढून झोपू नका

ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या मराठी मंडळींनो, २६ जानेवारी जवळ आली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गडबड सुरू होते. कॉन्सुलेटचं झेंडावंदन किती वाजता, बटाटेवडे कोण आणणार, पोरांना कुर्ते घालायचे की नाही. हे सगळं जरूर करा. पण वडे खाऊन घरी आलात आणि पडदे ओढून ताणून दिलीत, तर अर्धा दिवस फुकट घालवलात. तुम्हाला मिळालेली ती सुट्टी आपल्या प्रजासत्ताकाची नाही. ज्या देशात तुम्ही घराचे हप्ते भरता आणि पोरं शाळेत घालता, त्याचा तो राष्ट्रीय दिवस आहे.

तो साजरा करायचा, तर आधी तो कशाचा आहे हे नीट माहीत हवं. २६ जानेवारी १७८८ रोजी आर्थर फिलिपने सिडनी कोव्हला ब्रिटिश झेंडा रोवला. ११ जहाजांच्या ताफ्यातून शेकडो कैदी या किनाऱ्यावर आणले होते. इथे हजारो वर्षं नांदणाऱ्या माणसांना कुणी काही विचारलं नाही. त्यांच्या वंशजांपैकी अनेक जण म्हणूनच या दिवसाला आक्रमणाचा दिवस म्हणतात. १९३८ साली सरकार दीडशे वर्षांचा सोहळा करत होतं, तेव्हा सिडनीच्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये आदिवासी पुढाऱ्यांनी ‘शोकदिन’ पाळला. बाहेरची मिरवणूक संपेपर्यंत त्यांना थांबावं लागलं आणि सभागृहात शिरायला मागचं दार दाखवलं गेलं.

हे आपल्याला कुणी फोड करून सांगायला नको. त्याच्या आठच वर्षं आधी, १९३० च्या २६ जानेवारीला, आपल्या आजोबा-पणजोबांनी गावोगावी पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती, तीही याच ब्रिटिश झेंड्याविरुद्ध. पुढे राज्यघटना अमलात आणायला हीच तारीख निवडली ती त्यामुळेच. तेव्हा शेजारची आदिवासी बाई ‘मी आज काही साजरं करत नाही’ म्हणाली, तर तिच्याकडे चमत्कारिक नजरेने बघू नका.

माझं मत विचाराल तर ही तारीख बदलायला हवी. पण ती बदलेपर्यंत घरात बसून राहणं हा काही मार्ग नव्हे. सिडनीत असाल तर व्हिक्टोरिया पार्कमधल्या ‘याबुन’ला पोरांना घेऊन जा. तिथे आदिवासी गाणी, नाच, खाणं आणि वादविवाद सगळं एका मैदानात असतं. बाहेरच्यांना मज्जाव नाही, आणि आपल्या लोकांना आवडेल असा गोंगाटही भरपूर आहे.

याच दिवशी अनेक नगरपालिका नागरिकत्वाचे सोहळे करतात. डिसेंबर २०२२ पासून त्यांना तीन दिवस आधी किंवा नंतरही ते करता येतात. तुमची पाळी आली तर लायसन्स आणायला गेल्यासारखे जाऊ नका. परीक्षा पास झालात, अर्ज मंजूर झाला, तरी प्रतिज्ञा म्हटल्याशिवाय तुम्ही नागरिक होत नाही. देवाचं नाव घेऊन म्हणायची की न घेता, हे तुम्ही ठरवायचं. आदल्या रात्री एकदा मोठ्याने वाचून पाहा. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, तेव्हा पोटात कालवतं. कालवू द्या. ओसीआय कार्ड मिळतं, येणं-जाणं सुटत नाही. मतदानाचा हक्क मात्र जातो आणि नवी शेतजमीनही विकत घेता येत नाही, हे गावी भावाला आधीच स्पष्ट सांगा.

सोहळ्यात बऱ्याच ठिकाणी एखादं देशी रोप भेट देतात. बँक्सिया किंवा ग्रेव्हिलिया असेल तर आपल्या सवयीने त्याला मूठभर खत घालायला जाऊ नका. इथली माती फॉस्फरसला गरीब आहे आणि ही झाडं तशाच मातीला सरावलेली आहेत. गुलाबाला चालणारं खत त्यांना मारून टाकतं.

मतदान इथे सक्तीचं आहे. केंद्रीय निवडणुकांना १९२४ पासून. चुकवलंत तर पत्र येतं, आणि कारण पटलं नाही तर २० डॉलर दंड. दंड किरकोळ आहे. पण दंड टाळण्यापुरतं जाऊन कागदावर कुठेही आकडे टाकून येणारे आपल्यातही आहेत, आणि तेच वर्षभर बसच्या फेऱ्या कमी म्हणून कुरकुरतात. निवडणूक बहुधा शाळेत असते आणि दारात पालकसंघ सॉसेज भाजत उभा असतो. ‘आम्ही शाकाहारी’ म्हणून लांबून जाऊ नका. दोन तास कांदा परतायला माणूस लागतोच, आणि कांदा परतणं आपल्याला काय शिकवायचं! त्या टेबलामागे उभं राहिलात की वर्षानुवर्षं फक्त हात हलवणारे शेजारी बोलायला लागतात. मंडळाच्या गणपतीला पुढच्या वर्षी ते आपणहून येतात, आग्रह करावा लागत नाही.

आणि एक गोष्ट जरा दरडावूनच सांगतो. जानेवारीतल्या सुट्टीत आपली माणसं डबे भरून समुद्रावर जातात. २०२४ मध्ये २४ जानेवारीला, फिलिप आयलंडच्या फॉरेस्ट केव्हज किनाऱ्यावर भारतीय वंशाचे चौघे बुडाले. तिथे जीवरक्षकांची गस्त नव्हती. इथला समुद्र वरून शांत दिसतो आणि आतून ओढतो. लाल-पिवळे झेंडे लावलेले असतील तिथेच, त्या दोन झेंड्यांच्या मध्येच पाण्यात उतरा. झेंडे नसतील तर वाळूवर बसून भेळ खा. चुकून ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नका. अंग सैल सोडून तरंगत राहा आणि हात वर करा.

ते झेंडे लावणारे बहुतेक जण बिनपगारी स्वयंसेवक असतात. त्यांच्यात आपली आडनावं अजून फार दिसत नाहीत. किनाऱ्याजवळ राहत असाल तर पोरांना ‘निपर्स’ला घाला. साधारण पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना तिथे लाटा, ओढ आणि बचाव शिकवतात. नावं उन्हाळ्याच्या आधीच घेतात, आणि बरोबर आलेल्या आईबापांनाही तिथे काहीतरी काम दिलं जातं.