महोत्सव घ्या, पण आधी संध्याकाळ द्या!

मे महिना लागला की रत्नागिरीत पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसायला लागतात. बऱ्याच जणांचा बेत ठरलेला असतो. हातखंब्याहून आत यायचं, आंब्याची पेटी घ्यायची, आरे-वारेला फोटो काढायचे आणि गणपतीपुळे गाठायचं. शहर म्हणजे वाटेतलं जेवण!

यावर आपल्याकडे एकच उपाय सुचतो : महोत्सव. मोठं स्टेज, गाणी, फटाके, तीन दिवस धमाल. माझा विरोध नाही. पण चौथ्या दिवशी येणाऱ्या पाहुण्याने करायचं काय?

मंडळी, मे महिन्यात दुपारी बाहेर पडणं आपल्यालाच नको होतं. पाहुणा चारनंतरच निघणार. म्हणजे आपल्या हातात असते ती संध्याकाळ, आणि नेमकी तिचीच सोय आपण करत नाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला 1885 साली पदच्युत करून इंग्रजांनी आपल्या गावात आणून ठेवलं. 1916 मध्ये तो इथेच गेला. त्याचा राजवाडा इथे आहे. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान आहे. सावरकरांच्या स्थानबद्धतेच्या काळात भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, सर्व जातींना खुलं असलेलं 1931 चं पतितपावन मंदिर आहे. यातलं जे सरकारी वेळेनुसार चालतं, ते निदान मे महिनाभर रात्री आठपर्यंत उघडं ठेवा. गावातल्या दहा-बारा कॉलेजच्या मुलांना तयार करून त्यांच्याकडून रोज संध्याकाळी शहरफेरी काढा. शेवट मांडवीच्या जेट्टीवर, बचत गटाच्या ताईंच्या कोकम सरबताने. याला स्टेज लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समुद्र. दर सुट्टीत कोकण किनाऱ्यावर कुणीतरी बुडाल्याची बातमी येते आणि आपण "बाहेरचे लोक ऐकत नाहीत" म्हणून मोकळे होतो. अहो, पण त्यांना सांगतं कोण? तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ कळते, अष्टमीला सहाच्या सुमारास, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ. पुण्याच्या पोराला कुठून माहीत असणार? भाट्याला खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी कसं बाहेर ओढतं, हे वरून बघून कळत नाही. मेअखेरीस तर समुद्र खवळायला लागतोच.

म्हणून मांडवी आणि भाट्ये, दोन्हीकडे एक साधा फळा लावा. आजची भरती, आजची ओहोटी, कुठे उतरायचं नाही. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा फळा रोज पुसून लिहायला हवा. एकदा रंगवून ठेवलेली पाटी कामाची नाही. सोबत मच्छीमार वाड्यांमधली पोहणारी पोरं जीवरक्षक म्हणून घ्या, पगार देऊन. 1 जूनपासून मासेमारी बंद होते, तेव्हा त्यांनाही पावसाळ्याआधी चार पैसे मिळतील.

महोत्सवाच्या एका रात्रीच्या खर्चात यातलं किती बसेल, याचा हिशोब नगरपरिषदेने एकदा मांडावा. पाहुणा सुखरूप घरी गेला आणि एक रात्र जास्त राहिला, तर तीच खरी जाहिरात.

तुमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाला हे विचारा. आणि तुमच्याकडे आणखी काही कल्पना असतील तर खाली लिहा.