चढणीच्या आधी

पहिला मोठा पाऊस लागला की कोकणात रात्री व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने बॅटऱ्या चमकू लागतात. शेतांतून उसळत येणाऱ्या पाण्यावर मासे अंडी घालायला उलटे चढत असतात आणि पाग, कोयती, काठी, हाताशी असेल ते घेऊन माणसं पाण्यात उतरतात. चढणीचे मासे ही वर्षातून एकदाच मिळणारी चैन, मान्य. गाभोळीची, माशाच्या पोटातल्या अंड्यांची, चव मलाही ठाऊक आहे. पण या चढणीचं सगळं श्रेय आपण पावसाला देतो, ते खरं नाही.

पाऊस येतो तो शेवटी. तयारी त्याच्या कितीतरी आधीची. शिंगी माशावर दिल्ली आणि बनारसच्या विद्यापीठांत वर्षानुवर्षं काम झालंय. उत्तर भारतात फेब्रुवारीत दिवस मोठा होत असतो, पाणी तापू लागतं, आणि माशाच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला त्याची वर्दी लागते. तिथून जीएनआरएच हे संप्रेरक पीयूष ग्रंथीला कामाला लावतं आणि अंडाशय भरू लागतं. मे-जूनमध्ये मादी तयार असते, जुलै-ऑगस्टमध्ये वीण, मग हिवाळाभर सामसूम.

रोहू-कटल्यासारख्या माशांत याच मेंदूत लगामही असतो, डोपामाइनचा. अंडी पिकली तरी हा लगाम ती सुटू देत नाही. पुराचं वाहतं पाणी मिळालं तर तो ढिला पडतो. तळ्यातल्या रोहूला तसं पाणी मिळत नाही, म्हणून पोट टम्म फुगूनही ती वीत नाही. हंगाम टळला की अंडी अंगातच जिरतात.

या अडचणीवर मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुलला मात केली. एका माशाच्या डोक्यातून काढलेली, काही मिलिग्रॅम वजनाची पीयूष ग्रंथी वाटून तिचा अर्क दुसऱ्या माशाला टोचायचा, की काही तासांत अंडी बाहेर. हल्ली ग्रंथीऐवजी बहुतेक ठिकाणी तयार इंजेक्शन वापरतात. त्यात कृत्रिम जीएनआरएच असतं आणि सोबत डॉम्पेरिडोन. होय, आपण उलटीवर घेतो तेच. माशात ते डोपामाइनचा लगाम सोडवतं.

या इंजेक्शनने देशाला मत्स्यबीज मिळालं, तळी भरली, यात वाद नाही. पण त्यामुळे मासा काय, हॅचरीत हवा तेवढा करता येतो, अशी एक बेफिकिरीही आली. व्हाळातल्या मळे, खवळे अशा माशांना कोण इंजेक्शन टोचणार आहे? त्यांची सारी भिस्त चढणीच्या चार रात्रींवर. महिनोन् महिने मेंदूने जमवून आणलेलं काम ऐन शेवटच्या टप्प्यावर आपण कोयतीने तोडतो, आणि पुढच्या वर्षी ‘पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत’ म्हणून हळहळतो. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, तिच्यावर निदान भांडणं तरी होतात. व्हाळाबद्दल ब्र नाही.

चढणीचा मासा अजिबात मारू नका, असं सांगितलं तर कोण ऐकणार? आणि एखाद्या घरच्या कालवणापुरत्या माशांनी व्हाळ ओस पडतही नाही. ओस पडतो तो अख्खं पात्र दगड-जाळ्यांनी अडवल्याने. एक बाजू मोकळी सोडा, पहिल्या दोन-तीन रात्री पाणी वाहू द्या. वीण उरकून परतणारा मासा पुन्हा याच वाटेने खाली येतो. गाभोळी नसेल त्यात, पण कालवण होतं.