दोनशे चाळीस तास कुणाला द्यायचे?

मी सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घर पूर्व भागात. आई विड्या वळते. घरात तेलुगू, शाळा मराठी. पुढे नोकरी करीनच, पण एक गोष्ट त्याआधीच ठरवून टाकली आहे: आमच्या भागातल्या आठवी ते बारावीच्या मुलांच्या पाठीशी उभं राहायचं. कॉलेजात याला मेंटॉरिंग म्हणतात. आमच्या गल्लीत नुसतं ‘अक्का येते’ म्हणतात. दोन वर्षं दर रविवारी सकाळी दहाला मी जाते. त्या अनुभवावरून हे मुद्दे.

१. वेळ आहे, आणि तो मोजलाही जातो. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. आज स्वयंसेवकाने वर्षाला १२०, दोन वर्षांत २४० तास द्यायचे असतात. हे तास बहुतेक रॅली, वृक्षारोपण, स्वच्छता यांत जातात. ती कामं हवीतच. पण दर वेळी वस्ती नवी, चेहरे नवे. माझी मागणी एवढीच: ज्याला हवं त्याला यातले निम्मे तास त्याच तीन मुलांसाठी, दोन्ही वर्षं, देऊ द्या आणि हजेरीत धरा.

२. मुलांना हवी असते वेळेवर माहिती. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. सरकारी किंवा अनुदानित शाळेतलं, साडेतीन लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातलं मूल तीत निवडलं गेलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८ हजार. मी आठवीत असताना आमच्या शाळेत या परीक्षेचं नावही कुणी काढलं नाही. मला ती कळली कॉलेजात आल्यावर. विड्यांच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात ४८ हजार म्हणजे काय, हे मी सांगायला नको. त्या दिवशी मी खूप रडले होते, आणि पुढच्याच रविवारी पहिल्यांदा शेजारच्या दोघींना घेऊन बसले.

३. मग कागद. उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे, तिला आईचं ओळखपत्र. आमच्याकडे आधारवर आडनाव आधी, शाळेत नाव आधी, पासबुकावर स्पेलिंग तिसरंच. एवढ्यावरून अर्ज परत येतो. आई हजार विड्यांचा हिशेब सोडून दुरुस्तीला दोन दिवस देऊ शकत नाही. सोबत जाणारं कुणीतरी लागतं.

४. भाषेचा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा. आठवीतली एक मुलगी ‘शेकडा तोटा’ आला की पेन खाली ठेवायची. शाळेने तिला गणितात कच्ची ठरवलं होतं. एका रविवारी ती आईशेजारी बसून विड्यांना दोरा बांधत होती, आईच्या मांडीवर सूप. मी तेलुगूत विचारलं, हजार विड्यांत पन्नास छाट (नापास) निघाल्या, तर शंभरात किती? दोरा न सोडता ती म्हणाली, पाच. मग दोनशेत तीस छाट? पंधरा. आईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, कात्री तशीच हातात. गणित तिला येत होतं, प्रश्न तिच्यापर्यंत पोचत नव्हता. ही दुरी कमी करायला मोठा तज्ज्ञ लागत नाही, त्याच रस्त्याने चार वर्षं आधी गेलेलं माणूस लागतं. म्हणून हे काम विद्यार्थ्यांनीच करावं असं मी म्हणते. ‘तुम्हीच अजून लहान’ हा आक्षेप मला पटत नाही.

५. शिस्त मात्र कडक हवी. वार आणि वेळ ठरलेली. दोघींनी मिळून जायचं, मंदिराच्या कट्ट्यावर किंवा समाजमंदिरात, उघड्यावर बसायचं. आईवडिलांना सगळं माहीत हवं. ‘तुला इंजिनिअर करते’ असलं वचन कुणालाही द्यायचं नाही. परीक्षा असेल तर महिनाभर येणार नाही हे आधी सांगायचं. न सांगता तीन रविवार चुकवले की मूल चौथ्या रविवारी वाट पाहत नाही. हे मी स्वतः चुकून शिकले. तो मुलगा पुन्हा आलाच नाही.

६. सगळ्यांत अवघड प्रश्न: आमची पदवी झाली की पुढे कोण? इथे कॉलेजने हात द्यावा. प्रत्येक मुलाची एक वही असावी: कुठले कागद झाले, कुठले अडलेत, काय जमतं, कशाला घाबरतं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ती पहिल्या वर्षाच्या हातात द्यावी, आणि दोन महिने दोघांनी एकत्र जावं.

माझं वर्ष मार्चमध्ये संपतं. माझ्याकडे अकरा वह्या आहेत. परवाच्या रविवारी पहिल्या वर्षाच्या तिघीजणी माझ्यासोबत येणार आहेत. त्यांतल्या एकीला तेलुगू येत नाही; तिला दोरा बांधणारी ती मुलगी शिकवणार आहे.