श्वान आणि स्वामी : रोग एकाचा की दोघांचा?

गेल्या पावसाळ्यात सहावीच्या वर्गात आम्ही महाप्रस्थानाची कथा सांगत होतो. द्रौपदी पडली, चौघे भाऊ पडले, आणि अखेर धर्मराजासोबत उरला तो एक कुत्रा. त्याला बाहेर ठेवून स्वर्गात जाणे धर्मराजाने नाकारले, येथवर कथा आली आणि तासाची घंटा झाली. मुले पांगली, एक मात्र रेंगाळला. "सर," त्याने हळूच विचारले, "कुत्र्याचा रोग माणसाला लागतो का हो?"

आम्ही कला शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध आजवर केवळ रुग्ण या नात्याने आलेला. तेव्हा "बहुधा नाही" असे काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन आम्ही निघणार, तोच तो मुलगा आपला उजवा हात पाठीमागे लपवीत आहे, हे आमच्या ध्यानी आले. हात पुढे करावयास लावला, तो मनगटावर दातांच्या दोन बारीक खुणा. घरच्याच पिलाने खेळता खेळता चावा घेतला होता. त्या गोष्टीला चार दिवस झाले होते आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. का सांगितले नाहीस, असे विचारता तो म्हणाला, "बाबा पिलाला गावाबाहेर सोडून येतील."

त्या मुलाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू. त्याच्या प्रश्नाचे जे उत्तर त्या दिवशी आम्हांस देता आले नाही, ते देण्यासाठी हा लेख.

या विषयावर आपल्या समाजात दोन मते आहेत आणि आमच्या मते दोन्ही घातक आहेत. पहिले मत असे की, कुत्रा हा मुळातच अमंगळ प्राणी. त्याला उंबऱ्याबाहेर ठेवावे म्हणजे रोगराई आपोआप बाहेर राहते. दुसरे मत याच्या नेमके उलट. आमचा कुत्रा घरचा आहे, रोज न्हातो, आमच्या ताटातले खातो, त्याला कसला आला आहे रोग? या दुसऱ्या मताच्या घरांत एक हळवी समजूतही आढळते. घरात कोणी आजारातून उठावे आणि त्याच सुमारास कुत्रा मरावा, तर "घरावरचे गंडांतर त्याने आपल्या अंगावर घेतले" असे वडीलधारी माणसे म्हणतात. या समजुतीमागील कृतज्ञता आम्हांस मान्य आहे. परंतु रोग असा कोणी दान म्हणून घेत नाही आणि देतही नाही. एका घरातील दोन जीव एकच पाणी पितात, एकाच जमिनीवर लोळतात, एकाच हवेत श्वास घेतात. तेव्हा काही आजार दोघांनाही होतात, इतकाच त्याचा अर्थ.

देवासच्या जुन्या रहिवाशांना हे सांगणे सोपे आहे. पवारांच्या दोन शाखांची दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती, 1948 साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत या एकाच गावात नांदत होती. अमुक आळी थोरल्या पातीची, तमुक धाकटीची, अशी वाटणी होती. परंतु आळीच्या या तोंडाला पटकी शिरली, तर हद्द पाहून ती कधी थांबली असेल काय? तिकडे धारला राज्य एकच. म्हणून तेथे रोगराई निराळ्या रीतीने वागली असेल, असेही नाही. माणूस आणि त्याचा कुत्रा या एका छपराखालच्या दोन पात्याच होत. काही रोग एकाच पातीत राहतात हे खरे. कुत्र्यांच्या पिलांना पटापट मारणारे पार्व्हो आणि डिस्टेंपर हे आजार माणसाला होत नाहीत. आपला गोवर कुत्र्याला होत नाही. परंतु दोन्ही पात्यांत मुक्त संचार करणारे रोगही थोडे नाहीत.

त्यांत सर्वांत भयंकर तो पिसाळरोग, म्हणजे रेबीज. प्राचीन आयुर्वेदात पिसाळलेल्या कुत्र्याला 'अलर्क' म्हटले आहे. इतका तो जुना वैरी. त्याचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. चाव्यातून, ओरखड्यातून, किंवा उघड्या जखमेवर चाटण्यातून तो आत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने सावकाश मेंदूकडे चालू लागतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. क्वचित काही दिवस, तर क्वचित वर्षाहूनही अधिक. एकदा मेंदू गाठला आणि पाण्याचे भय सुरू झाले, की वैद्यकाचे हात बहुतेक टेकतात. जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे या रोगाने मरतात असा अंदाज असून त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक आपल्या देशातील आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी शंभरांत नव्व्याण्णव वेळा तो कुत्र्याकडूनच येतो. आणि विद्यार्थिमित्रहो, त्याला बळी पडणाऱ्या दहांपैकी चार तुमच्या वयाची, पंधरा वर्षांच्या आतली मुले असतात.

परंतु जो रोग इतका क्रूर, तोच इतका टाळता येण्याजोगा, ही त्याची दुसरी बाजू. विषाणूची चाल मंद असल्याने लसीला त्याच्या आधी पोहोचता येते. 1885 च्या जुलैत लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस देऊन वाचविले. आपल्याकडे 1900 साली कसौली येथे पाश्चर संस्था स्थापन झाली. तेथेच 1911 साली डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटात घ्यावयाच्या चौदा सुयांची जी दहशत आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकू येते, ती याच लसीची. आपल्या देशात तिचे उत्पादन 2004 च्या अखेरीस बंद झाले. आजची लस दंडात देतात. चार-पाच वेळा जावे लागते, एवढेच. तरीही ती चौदा सुयांची भीती अद्याप घरोघरी जिवंत आहे आणि ती भीतीच मुलांना गप्प बसविते.

त्यात भर पडते घरगुती उपचारांची. कोणी जखमेवर तिखट भरतो, कोणी चुना, कोणी तपकीर. कोणी मंत्र घालून घेण्यास नेतो. या सर्वांत जातो तो वेळ, आणि या रोगात वेळ हेच औषध. करावयाचे ते साधे आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सतत 15 मिनिटे धुवावी, तीवर काहीही चोपडू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. जखमेतून रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत वेगळे प्रतिविषही भरावे लागते. ते डॉक्टर ठरवितील. "कुत्रा घरचाच आहे, पिलू आहे" ही सबब नव्हे. पिलूही पिसाळते.

बाकीचे आजार इतके नाट्यमय नाहीत, म्हणून त्यांची दखलही कमी घेतली जाते. नायटा किंवा गजकर्ण कुत्र्याच्या केसांतून मुलांच्या अंगावर येते. पिलांच्या पोटात आईच्या गर्भातूनच जंत आलेले असतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे अंगणातील मातीत मिसळतात आणि मातीत खेळलेले हात न धुता जेवणाऱ्या मुलाच्या पोटात जातात. एका जातीच्या फीतकृमीमुळे तर माणसाच्या यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. कसायाने फेकलेले कच्चे आतडे-काळीज कुत्र्याने खाल्ले, की तो कृमी त्याच्या पोटात वाढतो. लेप्टोस्पायरोसिस हा मुख्यतः उंदरांचा रोग. परंतु कुत्र्यालाही तो होतो आणि त्याच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतो.

आता दुसरी बाजू, जी आम्हांस स्वतःलाही नवी होती. माणसाकडूनही रोग कुत्र्याकडे जातात! क्षयी माणसाच्या सहवासात राहिलेल्या कुत्र्याला क्षय झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. कोविडच्या साथीत, 2020 च्या आरंभी, हाँगकाँग येथे एका आजारी स्वामीच्या घरच्या म्हाताऱ्या पॉमेरेनियन कुत्र्यात त्या रोगाचे विषाणू सापडले. कुत्र्याने तो रोग घरात आणला नव्हता. घराने तो कुत्र्याला दिला होता. त्या काळात भयाने घरची जनावरे रस्त्यावर सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले असते, तर त्यांना लाज वाटली असती. "कुत्र्यामुळे आजार आला" असे म्हणण्यापूर्वी "आपल्यामुळे त्याला काय आले" हेही पाहावे, असे आम्हांस वाटते.

मग कुत्रेच नकोत, असे कोणी म्हणेल. हा विचारही जुना आहे. 1832 साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाजाने दंगा केला. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. आपल्याही दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री बसलेली आहेत, खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे आणि माळव्यात गावोगावी दिसणाऱ्या भैरवाचे तर तो वाहनच. आमच्या कोंकणीत कुत्र्याला 'सुणें' म्हणतात. जुन्या मराठीतही हाच शब्द होता. जो प्राणी दोन्ही भाषांच्या तोंडी एकाच नावाने वावरला, त्याला हुकूम काढून घालविता येणार नाही. शिवाय मारून रोग जात नाही. रिकाम्या गल्लीत दुसरी कुत्री येतात, आणि त्यांना लस टोचलेली नसते.

याचा पुरावा आमच्याच गोमंतकात मिळाला. तेथे 2014 पासून 'मिशन रेबीज' या संस्थेने सरकारच्या साहाय्याने गावोगाव फिरून पाळीव आणि मोकाट अशा सर्व कुत्र्यांना लस टोचण्याचे काम हाती घेतले. दर शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, की रोगाची साखळी तुटते असे शास्त्र सांगते. त्याचबरोबर शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागावे, चावल्यास काय करावे याचे धडे दिले. परिणाम असा की 2021 साली गोवा सरकारने आपले राज्य रेबीज-नियंत्रित असल्याचे जाहीर केले. 'नियंत्रित' म्हणजे 'नाहीसा' नव्हे, हे खरे. काम थांबले तर रोग परत येईल. परंतु जे समुद्रकाठच्या एका लहान राज्याला जमले, ते धार-देवासला का जमू नये? जनावरांचे वैद्य घडविणारे महाविद्यालय येथून जवळच महूला आहे. उणीव आहे ती आपल्या इच्छेची.

स्वामी या शब्दात हक्क आहे, तसे कर्तव्यही आहे. कुत्र्याला दरवर्षी लस टोचून घ्यावी, जंताचे औषध द्यावे, अंगावरच्या गोचिडी काढाव्यात, कच्चे मांस घालू नये. आणि त्याच्याशी खेळून झाल्यावर हात धुवावेत. आपण तापाने आजारी असलो, तर त्याचे तोंड आपल्या तोंडाजवळ घेऊ नये. इतके ज्याच्याने होणार नाही, त्याने कुत्रा पाळू नये. त्यात कुत्र्याचा अपमान नाही.

आणि आईवडिलांना आमची एक कळकळीची विनंती आहे. घरात मुलाने "मला चावले" असे सांगितले, तर पहिला शब्द कुत्र्याला घालविण्याचा काढू नका. ज्या घरात खरे बोलण्याची शिक्षा मुक्या मित्राला मिळते, त्या घरातील मूल खोटे बोलावयास शिकते. आणि या एका बाबतीत खोट्याची किंमत प्राणांनी द्यावी लागते.

त्या मुलाला आम्ही त्याच दुपारी रुग्णालयात नेले. वडील तेथे आले, रागावले, मग गप्प झाले. लस त्या दिवसापासून सुरू झाली. ती कोणत्याही कारणाने लांबवावयाची नसते. पिलाला मात्र दहा दिवस अंगणात बांधून नजरेखाली ठेवले, कारण पिसाळलेला कुत्रा चावल्यानंतर दहा दिवसांहून अधिक सहसा जगत नाही. ते दहा दिवस तो मुलगा रोज शाळेत आला की आम्हांस नुसती मान हलवून "आहे" असे खुणावी. अकराव्या दिवशी त्याने वर्गात शिरतानाच मोठ्याने सांगितले, "सर, आहे!"

पिलू आज मोठे झाले आहे. त्याला लस टोचून आणण्याचे काम त्या मुलाच्या वडिलांनी आपल्याकडे घेतले आहे.