तेराव्याच्या नावाने विकला जाणारा विमा

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ साली जी अकरा गावे सामील करून घेण्यात आली, त्यांपैकी धायरी हे एक. आणि धारेश्वराच्या छायेतील जुने गावठाण, लगतचे लघुउद्योगांचे गाळे, जमिनी विकून हाती रोकड आलेली शेतकरी घराणी व पेठांतील वाडे सोडून सदनिकांत राहावयास आलेले निवृत्त कारकून असा जो संमिश्र समाज तेथे नांदतो, त्याच्या दारी विमा प्रतिनिधींची वर्दळ असावी यात नवल नाही. या प्रतिनिधींचे एक वाक्य मात्र स्वतंत्र विचारास पात्र आहे. ‘आजोबा, उद्या काही बरेवाईट झाले तर दहाव्या-तेराव्याचा खर्च मुलांच्या अंगावर पडू नये, एवढ्यासाठी तरी एक छोटी पॉलिसी असू द्या.’

हे वाक्य वर्मी लागते याचे कारण उघड आहे. आपल्या मर्तिकासाठी कोणाला उसनवारी करावी लागू नये ही वृद्धांची इच्छा लोभातून नव्हे, स्वाभिमानातून उत्पन्न होते. आणि ज्या भागात दशक्रियेला प्रवचनकार बोलावणे, चौकात श्रद्धांजलीचा फलक लावणे व शेदोनशे पाने उठवणे हे इभ्रतीचे काम समजले जाते, तेथे तो स्वाभिमान बराच महाग पडतो. इंग्लंडातील मजूर वर्गाने याच भयापोटी दर आठवड्याला दारावर येणाऱ्या वसूलदाराच्या हाती पेनी ठेवली. आणि १९४२ च्या आपल्या सुप्रसिद्ध अहवालात सर विल्यम बेव्हरिज यांनी त्या व्यवहाराचा हिशेब मांडला, तेव्हा हप्त्याच्या प्रत्येक पौंडामागे सुमारे साडेसात शिलिंग, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक रक्कम, व्यवस्थापन व वसुलीतच खर्ची पडते असे निष्पन्न झाले. अमेरिकेत आजही ‘फायनल एक्स्पेन्स’ या नावाने वृद्धांना छोट्या पॉलिसी विकल्या जातात आणि त्यांवरील कमिशन पुष्कळदा पहिल्या वर्षाच्या संपूर्ण हप्त्याइतके किंवा त्याहूनही अधिक असते. आपल्याकडे असा निराळा प्रकार रूढ नाही. येथे नेहमीचीच एन्डोमेंट वा आजीवन पॉलिसी तेराव्याचे उपरणे पांघरून दारात उभी राहते.

आणि ते उपरणेच खोटे आहे. तिरडीचे सामान, शववाहिनी, गुरुजींची दक्षिणा, दहाव्याचे जेवण ही सारी देणी पहिल्या दोन आठवड्यांत रोखीने भागवावी लागतात. उलट विम्याच्या दाव्यासाठी मृत्यूचा दाखला हवा, मूळ पॉलिसी हवी, वारसाच्या बँक खात्याचा पुरावा हवा; आणि हे सारे कागद रुजू झाल्यावरही, चौकशीची गरज नसलेला दावा निकालात काढण्यास विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ पासून १५ दिवसांची व चौकशी आवश्यक असल्यास ४५ दिवसांची मुदत ठेवली आहे. ही मुदत गैरवाजवी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण तोवर तेरावा होऊन गेलेला असतो. ज्या खर्चाचे भय घालून पॉलिसी विकली, तो खर्च डब्यातल्या, भिशीतल्या किंवा मेहुण्याने पुढे केलेल्या पैशांतून कधीच भागलेला असतो, आणि विम्याची रक्कम फार तर ती उसनवारी फेडण्याच्या कामी येते. सत्तरीच्या गृहस्थाला प्रामाणिक सल्ला द्यावयाचा, तर तो इतकाच की, जमेल तेवढी रक्कम मुलाच्या वा सुनेच्या जोडीने अशा संयुक्त खात्यात ठेवावी, की मागे हयात राहणाऱ्याला ती त्याच दिवशी काढता येईल. या सल्ल्यावर कोणालाही कपर्दिकेची दलाली मिळत नाही, सबब तो कोणी देत नाही.

येथे दलालीच्या घडणीकडे वळणे प्राप्त आहे. १९३८ च्या विमा कायद्यात १९५० साली घातलेल्या कलमाने कमिशनची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ३५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात व पुढे पाच टक्के अशी ठरवली होती. एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या एकूण खर्चाची मर्यादा पाळून कमिशन किती द्यावयाचे हे तिच्या संचालक मंडळावर सोपवण्यात आले आहे. समजा, एखाद्या वृद्धेच्या गळ्यात वर्षाला २४,००० रुपये हप्त्याची पॉलिसी मारली, तर जुन्या दरानेही पहिल्याच वर्षी ८,४०० रुपये सुटतात. त्याच घरातील पस्तिशीच्या कमावत्या मुलाला, ज्याच्या जाण्याने घर खरोखर उघड्यावर पडेल, वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना समजावून सांगितली, तर त्या ४३६ रुपयांत मध्यस्थाचा वाटा ३० रुपयांचा. या दोन आकड्यांच्या दरम्यान उभ्या असलेल्या माणसाकडून आपण निःस्पृहतेची अपेक्षा करतो, हे मला प्रतिनिधींवर थोडे अन्यायाचेच वाटते.

तथापि एका बाबतीत त्यांना क्षमा नाही. प्रस्तावाचा अर्ज बहुधा प्रतिनिधी स्वतः भरतो, आणि मधुमेह आहे काय, रक्तदाब आहे काय, या प्रश्नांपुढे तो सफाईने ‘नाही’ लिहून म्हाताऱ्याची सही घेतो. कायद्याच्या ४५ व्या कलमान्वये तीन वर्षे उलटल्यावर पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. परंतु त्या मुदतीच्या आत मरण आले, तर लपवलेल्या आजाराचा जाब विधवेला विचारला जातो, ‘नाही’ लिहिणाऱ्याला नव्हे. सही करणारा तर हयात नसतो. ग्राहकही धुतल्या तांदळासारखा नसतो, हेही सांगितले पाहिजे: ‘पहिल्या हप्त्यातले किती परत देता?’ हा प्रश्न आपल्या सुशिक्षित दिवाणखान्यांत राजरोस विचारला जातो, वास्तविक ४१ व्या कलमाने अशी सूट देणे आणि घेणे दोन्ही निषिद्ध असून दंडाची मर्यादा दहा लाख रुपयांपर्यंत आहे.

याहून खेदजनक बाब अशी की, अंत्यविधीच्या खर्चाची तजवीज पुष्कळांच्या बाबतीत आधीच झालेली आहे. गाळ्यांतील जो कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंदलेला आहे, त्याच्या अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते. इमारतींच्या पराती वाहणारा मजूर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदलेला असेल व पन्नाशी ओलांडून साठीच्या आत वारला, तर वारसांना १०,००० मिळतात. दारिद्र्यरेषेखालील घरातला साठीच्या आतला कर्ता गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,०००. परंतु या रकमांवर दलाली नसल्याने त्या सांगत फिरणारा इसम धायरी फाट्यावर कोणी पाहिलेला नाही.

दलालीची ही रीत खाजगी विमा कंपन्यांच्या काळापासूनची आहे. साताऱ्यात १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया विमा कंपनी काढली. पुढे १९५६ च्या जानेवारीत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी एका वटहुकुमाने देशातील २४५ आयुर्विमा संस्था सरकारी कबजात घेतल्या, तेव्हा खाजगी कंपन्यांचा गैरव्यवहार व अवाढव्य खर्च हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. मालकी बदलली, पहिल्या वर्षावर डोळा ठेवणारी दलालीची रीत मात्र तशीच राहिली. २००९ साली स्वरूप समितीने कमिशन अजिबात बंद करण्याची शिफारस केली होती, ती मला मान्य नाही. कारण ज्या घरात कोणी अर्ज वाचून दाखवणारा नाही, तेथे प्रतिनिधी हाच विम्याचा एकमेव चेहरा आहे आणि त्याच्या श्रमाला मोल हवे. माझे म्हणणे एवढेच, की त्या मोलाचा मोठा वाटा पहिल्या हप्त्याच्या दिवशी न देता, वारसाच्या खात्यात दाव्याची रक्कम जमा होईल त्या दिवशी द्यावा. मग अर्जातला मधुमेह आपोआप लिहिला जाईल.

इतक्या वर्षांनंतरचा हिशेब ठेवणार कोण, असा आक्षेप विमा कंपन्या घेतील. प्रतिनिधी वारल्यास त्याच्या नूतनीकरणाचे कमिशन त्याच्या वारसांना वर्षानुवर्षे पोचवण्याची व्यवस्था आयुर्विमा महामंडळात आज आहेच, आणि तिच्या हिशेबात अडचण आल्याची तक्रार अद्याप कानावर आलेली नाही.