दमाचा भाव

दिवाळीच्या सुमारास आमच्या मध्यमवर्गीय घरांत दोन प्रश्न हमखास निघतात. यंदा चकल्या नरम का पडल्या, हा एक. आणि मुलगा पुढे काय करणार, हा दुसरा. पहिल्यात प्राध्यापकाने तोंड घालू नये. दुसऱ्याला मात्र हल्ली एक नवेच उत्तर मिळू लागले आहे. चिरंजीव म्हणतात, "मी कबड्डी खेळणार!"

"खेळ बाबा, पण पोटासाठी काय करशील?" असे विचारण्याची सोय आता उरलेली नाही. २०१४ साली प्रो कबड्डी लीग निघाली आणि आपला मातीतला हुतूतू गाद्यांवर आला, दिव्यांच्या झगमगाटात आला, लिलावात आला. २०१७ साली तर बंगळूरच्या संघाने आपले 'घरचे' सामने आमच्या नागपुरात, मानकापूरच्या स्टेडियममध्ये खेळले. घर बंगळूरला आणि अंगण नागपूरला! पैशाच्या खेळात भूगोलही थोडा सरकतो.

अंग झिजवून खेळणाऱ्याने पैसे घ्यावेत की नाही, हा वाद तसा जुना आहे. उत्तर इंग्लंडात रग्बी खेळणारे पुष्कळ जण खाणींत आणि गिरण्यांत राबणारे होते. आमच्या एम्प्रेस मिलमध्ये राबत, तसेच. सामन्यासाठी खाडा केला की मजुरी बुडे. ती भरून द्यावी, एवढेच त्यांच्या क्लबांचे मागणे. खेळाच्या धुरीणांना तेही विटाळ वाटले. शेवटी १८९५ च्या ऑगस्टात हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बसून या क्लबांनी वेगळी चूल मांडली. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग. तिथूनच पुढे रग्बी लीग हा खेळ निघाला. त्यात 'फॉरवर्ड' म्हणून जे सहा धिप्पाड गडी असतात, त्यांचे काम चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीवर आदळण्याचे.

आपल्याकडे असे भांडण झाले नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके केली, ती काही पैशासाठी नव्हे. पुढे रेल्वे, बँका, मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकरीत घेऊ लागल्या. पगार बेताचा, पण गुडघा गेला तरी नोकरी जात नसे. कालचा चढाईबहाद्दर उद्या कारकुनाच्या खुर्चीवर बसे आणि मुलीचे लग्न करून मगच पेन्शनीत निघे.

आता चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईचे पाहा. हा आपला खरा 'फॉरवर्ड'. चार जण अंगावर पडले तरी त्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत नेणारा. लोक कौतुकाने त्याला बाहुबली म्हणतात. २०१८ साली यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने असा धुमाकूळ घातला, की २०१९ साली तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. २०२१ च्या लिलावातही भाव १ कोटी ३० लाखांचा. आणि त्याच हंगामात खांदा दुखावला. पुढच्या वर्षी भाव खाली आला. गडी जिद्दीचा; २०२३ साली हरियाणाने त्याच्यासाठी पुन्हा १ कोटी दिले.

वाचकहो, या आकड्यांचा हेवा करू नका. पंचविशीच्या पोराचा खांदा दरवर्षी तराजूत पडतो, ही गोष्ट तेवढी ध्यानात घ्या. सोन्याचा भाव वरखाली झाला तरी सोने दुखत नाही.

म्हणून आई जेव्हा विचारते, "आणि नंतर रे?", तेव्हा तिला जुनाट म्हणू नये. सहा शिलिंग मागणाऱ्यांचाही प्रश्न याच जातीचा होता: अंग खेळाला दिले, तर घर कोणी चालवायचे? लीगने आजच्या दमाचा भाव चोख दिला. दम सुटल्यानंतरचा हिशेब मात्र खेळाडूच्या घरावर टाकला. जुन्या नोकरीने भाव कमी दिला, पण हिशेब स्वतःकडे ठेवला. दोन्ही एकत्र मिळतील तेव्हा खरी दिवाळी.

तोवर पोराला अडवू नका. पदवीचा अभ्यास मात्र सोडू देऊ नका. चढाई कितीही जोरात झाली, तरी दम टिकवून आपल्या अंगणात परत यावे लागते. कबड्डीचा हा नियम त्याला आपल्याहून चांगला ठाऊक असतो.